गोळीचा वार आणि हसण्याचा वार

"आजी, मध्ये गोळ्या चुकल्या का?"

"नाही हो डॉक्टर. सकाळची थायरॉइडची घेते, प्रेशरची घेते. एक दिवस चुकत नाही."

"आणि ती आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी गोळी?"

आजींनी सुनेकडे पाहिले. "ती 'हवा येऊ द्या'च्या दिवशी घ्यायची ना."

"मग?"

"मग आता ते लागतच नाही."

नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात जून २०२४ मध्ये झालेला हा संवाद. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून या लेखातील काही तपशील बदलले आहेत.) पंचवटीत राहणाऱ्या या आजी सत्तरीच्या. आठ वर्षांपासून त्यांना आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला आजार दोन महिन्यांत उसळला होता. बोटांची पेरे सुजली होती, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नव्हती, पोळी लाटणे बंद झाले होते. घरच्यांना वाटले, वय झाले, त्यात यंदाचा उन्हाळा. सुनेने पिशवीतून औषधे काढून टेबलावर ठेवली, तेव्हा पिवळ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या जवळजवळ भरलेल्या निघाल्या.

ही गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमवातावरचे हे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध. त्याची एकच अट असते. ते रोज नाही, आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे. त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून वेगळ्या वारी फॉलिक ॲसिडची गोळी. आजींना सुरुवातीला हे वार लक्षात राहत नव्हते. तेव्हा त्यांच्या यजमानांनी सोपी युक्ती काढली. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम तेव्हा सोमवारी आणि मंगळवारी रात्री साडेनऊला लागायचा. पहिल्या रात्री पिवळी गोळी, दुसऱ्या रात्री फॉलिक ॲसिड. पहिली जाहिरात लागली की पाण्याचा तांब्या. पुढे कार्यक्रमाचे वार बदलले की गोळीचेही बदलत. यजमान गेले, तरी युक्ती चालू राहिली. मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम बंद झाला आणि त्याच्याबरोबर गोळीचा वारही गेला.

ऐकणाऱ्याला हसू येईल अशी ही गोष्ट. पण तिच्यात वैद्यकशास्त्राला रस वाटावा असे बरेच काही आहे. एखादा विनोदी कार्यक्रम वर्षानुवर्षे घरात लागत राहतो, तेव्हा तो केवळ करमणूक उरत नाही. तो घड्याळ होतो, सोबत होतो आणि घरातल्या माणसांना एका खोलीत आणणारे निमित्त होतो. तो बंद पडला की या तिन्ही गोष्टी एकदम जातात. मग जे वाटते त्याला "टीव्हीचं काय एवढं" म्हणून बाजूला सारावे, की थोडे थांबून पाहावे?

दहा वर्षांची सवय

'चला हवा येऊ द्या' झी मराठीवर ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. आयुर्वेदाचे वैद्यकीय शिक्षण घेतलेले निलेश साबळे सूत्रधार. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे, सागर कारंडे ही मंडळी त्यांच्याबरोबर. थुकरटवाडी नावाचे काल्पनिक गाव, तिथे पाहुणे म्हणून येणारे चित्रपट-नाटकांतले कलाकार आणि त्यांच्यासमोर होणारी प्रहसने, असा साधा साचा. पुढे मंडळी महाराष्ट्र दौऱ्यावर गेली, परदेशातही जाऊन आली. साबळे यांचे "हसताय ना? हसायलाच पाहिजे!" हे वाक्य लग्नाच्या हॉलपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पोहोचले.

या हास्याच्या कार्यक्रमात लोकांना सर्वांत जास्त आठवतो तो मात्र रडवणारा भाग. सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचे आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचायचे. शेतकऱ्याचे, सैनिकाचे, आईचे पत्र. अर्धा तास पोट धरून हसलेली माणसे त्या पाच मिनिटांत डोळे पुसायची. मनाची दारे हसण्याने एकदा उघडली की मग दुसऱ्या भावनेलाही वाट मिळते, हे कीर्तनकारांना आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक आहे.

दहा वर्षे हा मोठा काळ आहे. नाशिकमध्ये इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली, मूळची सिन्नरची एक विद्यार्थिनी सांगते, "तिसरीत होते तेव्हा सुरू झाला, कॉलेजला आले तेव्हा संपला. शेवटची दोन-तीन वर्षं तर मी बघतही नव्हते. तेच तेच विनोद, तेच साडी नेसलेले पुरुष. पण बंद होतोय कळलं तेव्हा घरी फोन केला. का केला माहीत नाही. बाबा म्हणाले, आम्हीही आत्ता तेच बोलत होतो."

विनोद शिळे झाले, ही तक्रार अनेक चाहत्यांची होती आणि ती खोटी नव्हती. तरीही जे बघत नव्हते त्यांनाही चुटपुट लागली. आपण बघत नसलो, तरी घरी तो चालू आहे, बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी बसून हसत आहेत, एवढे ठाऊक असणे हाही एक आधार असतो.

न भेटलेल्या माणसांशी नाते

पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या नात्याला विज्ञानात नाव आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९५६ मध्ये 'सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात लेख लिहिला. दूरचित्रवाणी तेव्हा नवी होती. त्यांचे निरीक्षण असे की, पडद्यावरचा सूत्रधार थेट कॅमेऱ्यात पाहून बोलतो, आपली विचारपूस करतो, ठरल्या वेळी न चुकता येतो. प्रेक्षकाला हळूहळू तो ओळखीचा वाटू लागतो. नाते एकतर्फी असते. प्रेक्षक त्याला ओळखतो, तो प्रेक्षकाला ओळखत नाही. या एकतर्फी जवळिकीला त्यांनी 'पॅरासोशल' नाते म्हटले. "हसताय ना?" असा प्रश्न दर आठवड्याला विचारणारा माणूस घरातल्या कोणाला परका वाटत नाही, त्यामागे हीच प्रक्रिया आहे.

यात वेडेपणा काही नाही. माणसाचा मेंदू लाखो वर्षे अशा जगात घडला जिथे दिसणारा चेहरा आणि ऐकू येणारा आवाज हा समोरच्या खऱ्या माणसाचाच असे. पडदा आला तो गेल्या शतकात. प्रेक्षकाला बुद्धीने कळते की भाऊ कदम आपले कोणी लागत नाहीत. पण ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूतील आपलेपणाची यंत्रणा बुद्धीची परवानगी घेत बसत नाही.

मग असे नाते तुटते तेव्हा काय होते? त्याची तपासणी करण्याची संधी संशोधकांना 'फ्रेंड्स' या अमेरिकी विनोदी मालिकेने दिली. दहा वर्षे चाललेल्या या मालिकेचा शेवटचा भाग ६ मे २००४ रोजी दाखवला गेला आणि एकट्या अमेरिकेत तो पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. त्यानंतर केरेन इयाल आणि जोनाथन कोहेन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की, मालिका संपल्यावर होणारा त्रास खरा असतो, पण खऱ्या ताटातुटीपेक्षा तो बराच सौम्य असतो. आवडत्या पात्राशी नाते जितके घट्ट, तितका त्रास जास्त. आणि ज्यांना मुळातच एकटेपणा वाटत होता, त्यांना तो अधिक जाणवला.

दुसरी संधी आली ती अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संपामुळे. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळात हा संप चालला आणि अनेक मालिकांचे नवे भाग एकाएकी थांबले. त्या वेळच्या विद्यार्थी प्रेक्षकांच्या अभ्यासात पुन्हा तसेच चित्र दिसले. जे सोबत म्हणून टीव्ही लावत, त्यांना नवे भाग थांबल्याचा त्रास अधिक झाला. असा अनुभव महाराष्ट्रानेही घेतला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चित्रीकरणे थांबली आणि जुलैपर्यंत वाहिन्यांनी जुने भाग दाखवले. घरात कोंडलेल्या लोकांनी ते पाठ असूनही पाहिले. तेव्हा नव्या विनोदाची कोणाला फारशी गरज नव्हती. ओळखीचे चेहरे ठरल्या वेळी दिसावेत, एवढे पुरत होते.

जुने भाग पाहून बरे वाटते, यालाही थोडा शास्त्रीय आधार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जवळच्या माणसाशी झालेले भांडण आठवायला लावल्यानंतर काही जणांना आपल्या आवडत्या कार्यक्रमाविषयी लिहायला सांगितले. त्यांची मनःस्थिती इतरांइतकी खालावली नाही. आवडता कार्यक्रम आपलेपणाची उणीव थोडा वेळ भरून काढतो. मात्र 'थोडा वेळ' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

हसू येते, आवाज होत नाही

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक कामगार दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला घरी येतो. बायको-मुले झोपलेली असतात. तो कानात इअरफोन घालून मोबाइलवर याच कार्यक्रमाचे जुने तुकडे पाहतो. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, दीड कधी वाजतो कळत नाही. झोप पुरत नाही म्हणून तो डॉक्टरांकडे आला होता. त्याचे एक वाक्य लक्षात राहण्यासारखे आहे. "हसू येतं साहेब, पण आवाज होत नाही."

हसण्यावर आयुष्यभर संशोधन करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी नेमके हेच मोजले होते. त्यांच्या नोंदींनुसार माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. हसणे हे मुळात विनोदाला दिलेले उत्तर नसून सोबतच्या माणसाला दिलेली खूण आहे, असा त्यांचा निष्कर्ष. बसमध्ये एकटाच मोठ्याने हसणारा माणूस दिसला की आपण त्याच्याकडे वळून पाहतो, यातच सगळे आले.

एकत्र हसण्याचा शरीरावर होणारा परिणामही तपासला गेला आहे. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी व नंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली. खळखळून हसल्यावर ती वाढलेली दिसली. नुसते रंजक, पण हसू न आणणारे काही पाहिल्यावर तसे झाले नाही. पुढे २०१७ मध्ये फिनलंडमधील तुर्कू येथे मेंदूच्या पेट स्कॅनवर हेच पाहिले गेले. मित्रांबरोबर अर्धा तास विनोदी फिती पाहून हसल्यानंतर मेंदूत एंडॉर्फिनसारखी नैसर्गिक वेदनाशामके स्रवत असल्याच्या खुणा मिळाल्या. या अभ्यासात फक्त बारा पुरुष होते, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधणे बरे नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हास्य हे औषध आहे, असे सर्रास म्हटले जाते. त्याचा एक मोठा आधार म्हणजे अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांचा अनुभव. मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले असता त्यांनी विनोदी चित्रपट पाहायला सुरुवात केली आणि दहा मिनिटे पोटभर हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागते, असे त्यांनी नोंदवले. १९७६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हा लेख आला आणि जगभर गाजला. पण तो एका माणसाचा अनुभव होता, तुलनात्मक चाचणी नव्हती. हसण्याने वेदना काही काळ बोथट होते, मन हलके होते. सांधे कुरतडणारा आमवात मात्र हसण्याने थांबत नाही.

म्हणूनच पंचवटीतील आजींचा आजार का उसळला, याचे उत्तर नीट दिले पाहिजे. हसणे थांबले म्हणून सांधे सुजले, असे म्हणणे गोड वाटेल, पण ते खरे नाही. मार्चपासून जूनपर्यंत बहुतेक आठवडे मेथोट्रेक्सेटची गोळी पोटात गेली नाही, म्हणून सांधे सुजले.

वेळ विसरते, घटना आठवते

आजी विसराळू झाल्या होत्या का? तपासणीत तसे काही आढळले नाही. रोजच्या गोळ्या त्या चुकवत नव्हत्या. मग हीच का चुकली?

पुढे करायची गोष्ट लक्षात ठेवण्याचे दोन मार्ग असतात. एक वेळेशी जोडलेला, म्हणजे 'सोमवारी रात्री साडेनऊला'. दुसरा घटनेशी जोडलेला, म्हणजे 'कार्यक्रम लागला की'. वेळेशी जोडलेली आठवण ठेवायची तर मेंदूला स्वतःहून मधूनमधून घड्याळाकडे, कॅलेंडरकडे पाहावे लागते. घटनेशी जोडलेली आठवण बाहेरून येऊन जागे करते. वय वाढते तसा पहिला मार्ग अवघड होत जातो, दुसरा तुलनेने शाबूत राहतो. आजींच्या यजमानांनी काढलेली युक्ती त्यामुळे शास्त्रशुद्ध होती. तिच्यात एकच कच्चा दुवा होता. ती घटना आपल्या हातात नव्हती, वाहिनीच्या हातात होती.

निवृत्तीनंतर अनेकांच्या आठवड्याला वारच उरत नाहीत. मंगळवार आणि शुक्रवार सारखेच. त्यात ठरल्या वारी लागणारा कार्यक्रम हा एक खुंटा असतो. त्याला जेवणाची वेळ, औषध, मुलाचा फोन, झोप असे बरेच काही बांधलेले असते. घरातील ज्येष्ठांचा आवडता कार्यक्रम संपला, तर त्यांच्या औषधाच्या डब्याकडे एकदा नजर टाकावी. हा सल्ला विचित्र वाटेल, पण उपयोगाचा आहे.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत उलटी चूक अधिक धोक्याची. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. सुटलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून एकदम दोन-तीन गोळ्या घेणे हाही तसाच धोका. गोळी राहून गेली, तर मनाने काही न ठरवता डॉक्टरांना विचारावे. गोळीचा वार पट्टीवर आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावा. ठरवून दिलेल्या रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत.

"कोणाबरोबर बघायचात?"

आजींना त्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला. "आजी, तो कार्यक्रम कोणाबरोबर बघायचात?"

आजी जरा थांबल्या. "हे होते तेव्हा यांच्याबरोबर. यांना हसताना ठसका लागायचा, मी पाठ थोपटायची. मग नातू होता. तो पुण्याला गेला नोकरीला. मग मी एकटीच बघायची. पण लावायचे. लावलं की घरात हसण्याचा आवाज असायचा."

सून म्हणाली, "आई, तुम्ही कधी बोलल्या नाहीत हे."

"टीव्ही बंद झाला म्हणून करमत नाही, असं सांगू का लोकांना?"

संशोधनाच्या आकड्यांत न मावणारी गोष्ट इथे आहे. कार्यक्रम संपल्याचे दुःख बहुतेक वेळा केवळ कार्यक्रमाचे नसते. ते त्या कार्यक्रमासमोर बसणाऱ्या माणसांचे असते. सिन्नरच्या मुलीने घरी फोन केला तो याचसाठी. कोणाला 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवले की दिलीप प्रभावळकरांच्या आबांबरोबर स्वतःचे आजोबाही आठवतात. २००५ मध्ये संपलेल्या त्या मालिकेचे नाव काढल्यावर आजही पन्नाशीतली माणसे आपल्या जुन्या घराच्या बैठकीविषयी बोलू लागतात. त्याहून मोठ्यांच्या मनात मुंबई दूरदर्शनवरचे 'चिमणराव-गुंड्याभाऊ' आणि ते पाहण्यासाठी टीव्ही असलेल्या शेजाऱ्याकडे भरलेली खोली असते.

आजींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांची गोळीची युक्ती, त्यांची खुर्ची आणि त्यांच्या वेळचे हसणे यांतले बरेच काही त्या कार्यक्रमाने जागते ठेवले होते. तो संपला तेव्हा जुने दुःख नव्याने वर आले. घरच्यांना ते कळले नाही, कारण आजींना ते सांगण्याची लाज वाटली. टीव्हीसाठी कोणी रडते का, या प्रश्नाने अनेकांची तोंडे बंद होतात.

एकटेपणा ही आता आरोग्याचीच समस्या मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा जाणवतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य आणि स्मरणशक्तीचा ऱ्हास यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. आपल्याकडे एकत्र कुटुंब असल्याने हा प्रश्न नाही, असे मानायचे दिवस गेले. घरात पाच माणसे आणि पाच मोबाइल असले, की म्हातारे माणूस भरल्या घरातही एकटे असू शकते.

साधी चुटपुट की आजार?

आवडता कार्यक्रम संपल्यावर दोन-चार दिवस हळहळ वाटणे, जुने भाग शोधून पाहणे, त्यावर गप्पा मारणे हे सगळे निरोगी आहे. त्याला उपचार लागत नाहीत. उलट, अशा गप्पा माराव्यात. कोणता प्रसंग आवडायचा, तेव्हा घरात कोण कोण होते, हे बोलल्याने मन मोकळे होते.

पण काही वेळा कार्यक्रम संपणे हे केवळ निमित्त ठरते आणि आत आधीपासून साठलेले नैराश्य वर येते. ते ओळखण्यासाठी दोन प्रश्न पुरेसे सुरुवात करून देतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटले का? आणि ज्या गोष्टी एरवी आवडत, त्यांत रस वाटेनासा झाला का? यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर पुढची तपासणी करून घ्यावी. वृद्धांमध्ये नैराश्य "मन लागत नाही" या शब्दांत क्वचितच येते. अंग दुखते, झोप उडाली, भूक नाही, विसरायला होते, असे ते शरीराच्या वाटेने येते. म्हणून ते वयावर ढकलले जाते.

जगणे नकोसे वाटते, असे कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नये. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागातही तपासणी होते. अंबडच्या कामगाराला मात्र औषधाची गरज नव्हती. मोबाइल बिछान्यापासून लांब ठेवणे, पाळीवरून आल्यावर एकच तुकडा पाहणे आणि सुटीच्या दिवशी तोच तुकडा मुलांबरोबर मोठ्या पडद्यावर लावणे, एवढे त्याला सांगितले गेले. महिन्याने तो आला तेव्हा म्हणाला, "पोरगं इतकं हसलं की मला पण जोरात हसू आलं."

ज्यांना घरात असे कोणी नाही, त्यांनी हसण्याची सोबत बाहेर शोधावी. मुंबईचे डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली हास्यक्लबची कल्पना आता गावोगाव पोहोचली आहे. सकाळी बागेत हात वर करून हसणारी ज्येष्ठ मंडळी पाहून तरुण हसतात, पण तिथे येणाऱ्यांना खरा लाभ होतो तो हसण्याइतकाच भेटण्याचा. आज अमुक का आला नाही, ही चौकशी तिथे होते. पडद्यावरचा सूत्रधार तेवढे करू शकत नाही.

बुधवार

आजींची गोळी पुन्हा सुरू करण्यापूर्वी हिमोग्राम आणि यकृताच्या तपासण्या झाल्या. दोन प्रश्नांची उत्तरेही घेतली गेली. त्यांची उदासी नैराश्याच्या आजाराइतकी खोल नव्हती, पण दुर्लक्ष करावे इतकी हलकीही नव्हती. मग प्रश्न आला वाराचा. नवी मालिका पकडू या, असे सुनेने सुचवले. डॉक्टर म्हणाले, "असा वार सांगा आजी, जो बंद पडणार नाही."

आजींनी क्षणभर विचार केला. "बुधवार. गंगेवरचा बाजार."

नाशिककरांना यापुढे काही सांगायला नको. गोदाघाटावर बुधवारी भरणारा आठवडे बाजार कोणत्या वाहिनीच्या मर्जीवर चालत नाही. ठरले असे की, बाजारातून भाजी घरात आली की त्या रात्री जेवणानंतर पिवळी गोळी, गुरुवारी फॉलिक ॲसिड. आजींना तेव्हा पिशवी धरता येत नव्हती, म्हणून बाजाराला सून जायची आणि शेजारच्या काकू बरोबर असायच्या. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. गणपतीच्या सुमारास बोटांची सूज उतरली, मूठ वळू लागली. दिवाळीनंतर आजी स्वतः काकूंबरोबर घाटावर जाऊ लागल्या. मेथीची जुडी निवडताना काकू भाव करतात, आजी हसतात. नातवाचा फोनही आता बुधवारी रात्री येतो. "आजी, बाजार झाला का?" असे त्याने विचारायचे, म्हणजे गोळी झाली का, असा त्याचा अर्थ.

जुलै २०२५ मध्ये 'चला हवा येऊ द्या' नव्या रूपात परतले. सूत्रधार बदलला होता. निलेश साबळे यांच्या जागी नाशिकशी नाते असलेले अभिजित खांडकेकर आले, जुन्यांपैकी काही कलाकार होते, काही नव्हते. चाहत्यांमध्ये नेहमीची चर्चा झाली. काहींना आवडले, काहींना पूर्वीची मजा आली नाही. पुढच्या तपासणीला आलेल्या आजींना डॉक्टरांनी सहज विचारले.

"पाहिलं ना. नातू आला होता, त्याच्याबरोबर पाहिलं. हसलो दोघं."

"मग आता गोळी पुन्हा हवा येऊ द्याच्या दिवशी?"

"छे हो," आजी म्हणाल्या. "गोळी बुधवारीच. त्यांचा काय भरवसा."